कुरणातील शाळा

पालघर जिल्ह्याची भूमी पश्चिमेस समुद्राला भिडलेली आहे आणि पूर्वेस सह्याद्रीच्या रांगांपर्यंत चढत गेलेली आहे. डहाणू, घोलवड, बोर्डी ही गावे किनाऱ्याजवळची. तेथे चिकूच्या वाड्या आणि ताडामाडांची बने आहेत. तेथून पूर्वेकडे निघाले म्हणजे आधी भातखाचरे लागतात, मग गवताची विस्तीर्ण कुरणे आणि सागाची राने लागतात. जव्हारचे पठार ओलांडून मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यास पोहोचेपर्यंत उतारांवर नाचणी आणि वरई डोलू लागलेली असते. २०१४ सालापर्यंत हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी हे येथील मूळचे रहिवासी.

या मुलखात सुमारे पंच्याहत्तर वर्षांपूर्वी एखाद्या पाड्यावर आपण गेलो असतो, तर काय दिसले असते? कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती आणि वर गवताचे छप्पर असलेली झोपडी. एका बाजूस चूल, दुसऱ्या बाजूस गाईगुरे. मडक्यात नाचणीची आंबील. पावसाळा लांबला की कणगी रिकामी होई, आणि मग रानातील कंद व पालेभाज्या यांवर दिवस काढावे लागत. घरातील मोठी माणसे पहाटेच सावकाराच्या शेतावर किंवा जंगलतोडीच्या कामावर जात. आठ-दहा वर्षांचा मुलगा गुरे घेऊन कुरणात जाई. त्याची बहीण तान्ह्या भावाला कडेवर घेऊन घर राखी. शाळेची घंटा वाजे त्या वेळी ही दोघेही आपापल्या कामावर असत.

अशा मुलांची शाळा कशी भरवावी, हा प्रश्न ज्या विदुषीने आपला मानला, त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शिकविणे हे त्या काळी पुष्कळांना अनाठायी वाटे. परंतु केळकरांच्या घरी तसा विचार नव्हता. ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णाजी विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार फार वर्षे टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या आपल्या लहान मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्या काळी एका स्त्रीने असे करणे म्हणजे लोकनिंदेचे ओझे जन्मभर वाहण्याची तयारी ठेवणे होय.

राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदावर त्यांची नेमणूक झाली. पद मानाचे होते आणि वेतनही चांगले होते. तरीही त्यांचे चित्त तेथे रमले नाही. भावनगरला गिजुभाई बधेका या शिक्षणतज्ज्ञांनी दक्षिणामूर्ती संस्थेत लहान मुलांसाठी बालमंदिर चालविले होते. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुले आपल्या कलाने खेळत आणि खेळता खेळता शिकत. ताराबाई १९२३ साली राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गेल्या. मोठ्या पदावरून उतरून चार वर्षांच्या मुलांजवळ जमिनीवर बसणे हे सर्वांनाच साधत नाही. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली.

गिजुभाईंच्या या कार्यामागे एका इटालियन विदुषीची प्रेरणा होती. डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. बालकाच्या हातांना काम दिले की त्याची बुद्धी आपोआप जागी होते, हे त्यांचे सूत्र. यासाठी त्यांनी नाना प्रकारची साधने बनविली: लहानमोठ्या खोबणींत नेमके बसणारे लाकडी गट्टू, चढत्या आकाराचे ठोकळे, रंगांच्या छटा ओळखण्याच्या पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे. मूल ती हाताळी, त्याची चूक होई, आणि ती चूक ते स्वतःच सुधारी. पद्धत उत्तम होती. मात्र ही साधने कुशल कारागिरांकडून मापाबरहुकूम करवून घ्यावी लागत आणि ती महाग पडत. त्यामुळे जी शाळा रोमच्या गरीब वस्तीत जन्मली, ती जगभर पसरता पसरता सुखवस्तू घरांतील मुलांची शाळा होऊन बसली. आपल्याकडेही हेच घडत होते. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था उभारली. ती नावारूपास आली, तेथे शिक्षिका तयार होऊ लागल्या. तथापि तेथे येणारी मुले बहुतांशी मध्यमवर्गीय घरांतील होती. ज्यांना या शिक्षणाची सर्वांहून अधिक गरज, ती मुले त्यापासून सर्वांहून दूर होती. ही गोष्ट ताराबाईंच्या मनाला सलत असे. खेड्यांतील गरिबांच्या मुलांसाठी काही केले पाहिजे, असा महात्मा गांधींचाही आग्रह होता.

मग ताराबाईंनी खेडे गाठले. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली होती. अनुताई वयाने अठरा वर्षांनी लहान. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि अवघ्या काही महिन्यांत त्यांना वैधव्य आले. त्या दुःखातून त्या शिक्षणाच्या बळावर बाहेर पडल्या आणि शिक्षिका झाल्या. ताराबाईंसोबत काम करण्यासाठी त्या बोर्डीस आल्या, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी हे कार्य सोडले नाही.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. हजेरी भरावी तरी कोणाची? दुसरा कोणी असता तर पालकांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असे म्हणून मोकळा झाला असता. ताराबाईंनी उलट विचार केला. मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे गेले पाहिजे, हा त्यांचा निर्णय. शिक्षिका वस्तीत गेल्या आणि एका घरासमोरील अंगणातच त्यांनी खेळ मांडला. आया काम करता करता पाहू लागल्या. आजूबाजूची पोरे एकेक करून जवळ आली. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजे अंगणवाडी. आज आपण हा शब्द इतक्या सहजतेने उच्चारतो की तो कोणीतरी कधीतरी घडविला असेल, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

बोर्डीच्या पूर्वेस, घोलवडपासून जवळ, कोसबाडची टेकडी आहे. आजूबाजूच्या पाड्यांवर वारल्यांची वस्ती. १९५७ साली ताराबाई व अनुताई यांनी आपले केंद्र या टेकडीवर नेले. ताराबाई त्या वेळी पासष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. या वयात लोक निवृत्त होऊन विसावा घेतात.

१९५७ हे वर्ष मोठे गमतीचे होते. त्या वर्षी १ एप्रिलपासून आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे होत. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, बारा आण्यांचे पंच्याहत्तर, हे लोकांना चटकन कळे; पण एका आण्याचे सव्वासहा होत, आणि पाव पैसा कोणी कोणाला द्यावा, यावरून बाजारात पुष्कळ घोळ होई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि शहरांतील घराघरांत चित्रपटगीतांचे सूर निनादू लागले. रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला तोही त्याच महिन्यात.

समुद्रापलीकडे अमेरिकेत तर सुबत्तेचा काळ होता. तेथील पाचांपैकी चार घरांत दूरचित्रवाणी संच आला होता. लॉस एंजेलिस शहराजवळ वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली मुलांसाठी भव्य क्रीडानगरी उघडली होती. तिच्या दारातून आत जाण्यास मोठ्यांना एक डॉलर आणि मुलांना अर्धा डॉलर पडे, आतील खेळांचे पैसे वेगळे. १९५८ साली तेथे एका खेळण्याने मुलांना अक्षरशः वेड लावले. हे खेळणे म्हणजे प्लॅस्टिकचे एक मोठे कडे. ते कमरेभोवती घालून अंग घुसळीत फिरवीत राहावयाचे, इतकाच खेळ. हूला हूप हे त्याचे नाव. किंमत सुमारे दोन डॉलर. काही महिन्यांत अशी कोट्यवधी कडी विकली गेली.

आता थोडा हिशेब करून पाहू. त्या काळी एका डॉलरचे सुमारे पावणेपाच रुपये होत, म्हणजे या कड्याची किंमत साडेनऊ रुपये झाली. अमेरिकेतील कायद्याने किमान मजुरी तासाला एक डॉलर ठरविली होती. तेथील मजुराला दोन तासांच्या श्रमात ते कडे घेता येई. आणि आपल्या वारली मजुराचे काय? एकेकाळी त्याला दिवसभर राबून एखादा आणा मिळे. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढले तर ते फिटेपर्यंत नवराबायकोंना त्याच्या घरी वेठीने राबावे लागे. अशा माणसास लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारल्यांनी संघटित होऊन ही वेठबिगार झुगारून दिली. दिवसाला बारा आणे मजुरी मिळावी, ही त्यांची एक मागणी होती, आणि तेवढ्यासाठी त्यांना गोळ्या झेलाव्या लागल्या. त्या बारा आण्यांच्या दराने अमेरिकन मुलाचे ते कडे विकत घ्यावयाचे, तर वारली बापाला बारा-तेरा दिवस राबावे लागले असते, आणि तेही तितके दिवस घरात कोणी न जेवता!

ताराबाईंपुढील प्रश्न नेमका हा होता. खेळातून शिकवावयाचे, हे त्यांचे तत्त्व. पण खेळणी आणावयाची कोठून? त्यांनी आपल्या भोवतालच्या रानाकडे पाहिले. चिंचोके आणि गुंजा मोजता येतात. नदीतील गोटे लहानापासून मोठ्यापर्यंत लावता येतात. बांबूच्या पेरांनी लांबी-आखूडपणा समजतो. शंख-शिंपले, पिसे, बिया, नाना आकारांची पाने यांनी रंग, स्पर्श आणि आकार यांची ओळख होते. ओल्या मातीतून बैलही घडतो आणि अक्षरही. मॉन्टेसरीबाईंच्या पेटीतील जवळजवळ प्रत्येक साधनाचा जोडीदार त्या टेकडीच्या परिसरात सापडला, आणि त्यासाठी एक नवा पैसाही मोजावा लागला नाही. ही काटकसर होती खरी. परंतु काटकसरीपेक्षा मोठी अशी एक गोष्ट तिच्यात होती. शहरातून आणलेले गुळगुळीत ठोकळे पाहून वारली मूल बिचकले असते. चिंचोका त्याच्या ओळखीचा होता. शाळेत आपल्या ओळखीची वस्तू पाहिली की मुलाला शाळाही आपली वाटते.

विलक्षण योगायोग असा की, १९५८ साली अमेरिकेतही कनेक्टिकट राज्यात ग्रीनिच या गावी व्हिटबी नावाची शाळा निघाली आणि तेथे विसर पडलेल्या मॉन्टेसरी पद्धतीचे पुनरुज्जीवन सुरू झाले. एकाच वेळी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन गावांत तीच पद्धत रुजत होती. एकीकडे श्रीमंत गावात, आणि एकीकडे कोसबाडच्या टेकडीवर.

कोसबाडला प्रारंभी मुले शिक्षिकांना पाहताच पळून जात. परक्या माणसाने पाड्यावर पाऊल ठेवले की ते वसुलीसाठी किंवा वेठीला धरण्यासाठीच, असा तेथील अनुभव होता. मुलांचे भय अगदीच निराधार नव्हते. शिक्षिका रोज जात राहिल्या. त्यांनी मुलांना न्हाऊमाखू घातले, नखे कापली, केस विंचरले, खरजेवर औषध लावले, आणि पोटात काही घातले. उपाशी मुलाच्या हाती पाटी देऊन काय उपयोग? मुलांची बोली वारली, आणि पुस्तकांतील मराठी त्यांना परकी. म्हणून त्यांच्याच गोष्टी, त्यांचीच गाणी शाळेत आली.

या लोकांजवळ करमणुकीचे आपले असे मोठे धन होते. वाळलेला दुध्या भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून तारपा बनतो. पीक हाती आले की रात्री तारपकरी तो फुंकू लागतो, आणि त्याच्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून, सापाच्या वेटोळ्यासारखी रांग वळवीत नाचतात. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक लिहितात, आणि धवलेरी गाणी गाऊन लग्न लावते. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचविली जातात. जी स्त्री बोटांएवढ्या काडीने भिंतीवर आख्खे रान, त्यातील वाघ, झाडे आणि माणसे उभी करते, तिला केवळ सही करता येत नाही म्हणून अडाणी म्हणावयाचे, हे आम्हांस तरी पटत नाही. ज्या घरात अशी आई आहे, त्या घरातील मुलाच्या हाती रंग दिले की काय होईल, हे ताराबाईंनी ओळखले होते.

तरीही एक अडचण उरलीच. मोठी मुले गुरांमागे जात, आणि गुरे सोडून यावे तर घरची मजुरी बुडे. तेव्हा शिक्षिकांनी कुरणाची वाट धरली. गुरे चरत असत, मुले झाडाखाली जमत, आणि तेथेच गोष्टी, गाणी, गणिते चालत. किती गाई आहेत, त्यांतील किती तळ्यावर गेल्या आणि किती उरल्या, हीच वजाबाकी. एखादे वासरू शेतात शिरले की एक विद्यार्थी वर्गातून धावत सुटे आणि त्याला वळवून पुन्हा जागेवर येऊन बसे. तो गैरहजर मानला जात नसे. ही कुरणशाळा.

धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी त्यांनी विकासवाडीची योजना आखली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच ठिकाणी, एकमेकींना लागून असावीत, अशी ती योजना. मुलगी येताना तान्ह्या भावाला घेऊन येई. तो पाळणाघरात झोपे, मधला बालवाडीत खेळे, आणि ती स्वतः वर्गात बसे. मधून उठून तिला त्याच्याकडे डोकावता येई. ही कल्पना दिसावयास साधी आहे. पण ती सुचण्यासाठी आधी त्या मुलीच्या कडेवरील ओझ्याकडे कोणाचे तरी लक्ष जावे लागते. आजवर शाळेने फक्त तिच्या गैरहजेरीकडे पाहिले होते.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारने लहान मुलांच्या पोषणासाठी व पूर्वशिक्षणासाठी एकात्मिक बालविकास योजना हाती घेतली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या एका अंगणातील तो शब्द देशभर गेला. ज्यांना मराठीचा गंधही नाही, अशा प्रांतांतील आयाही तो उच्चारतात.

अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे चालविले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच सुमारास, १९९२-९३ साली, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात पुष्कळ बालके कुपोषणाने दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. टेकडीवरून पेटविलेला दिवा सगळ्या डोंगरांपर्यंत पोहोचला नव्हता. दिवाळी सरली की खोडाळा, मोखाडा, जव्हार या बाजूंची कित्येक कुटुंबे आजही कामाच्या शोधात वीटभट्ट्यांवर जातात. सोबत मुलेही जातात, आणि पाड्यावरील शाळेतील त्यांच्या जागा पावसाळ्यापर्यंत रिकाम्या राहतात. अशा मुलांसाठी भट्टीच्या कडेलाच वर्ग भरविण्याचे प्रयत्न काही शिक्षकांनी केले आहेत. तेथे मोजणीसाठी चिंचोक्यांऐवजी विटांचे तुकडे असतात.